द्राक्ष निर्यातीतील पैशाचा धोका : युरोचा दर आधी बांधावा की विक्रीची अट?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. निफाड तालुक्यातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी आजवर सभासदांची द्राक्षे मोठ्या निर्यातदारांना देत आली आहे. निर्यातदार बागेत येऊन दर ठरवत असे, माल उचलत असे आणि पुढे युरोपात त्या मालाचे काय झाले याच्याशी आमचा संबंध उरत नसे. येत्या हंगामात मात्र नेदरलँड्समधील एका आयातदाराला थॉमसन जातीच्या द्राक्षांचे चार कंटेनर कंपनीच्या स्वतःच्या नावाने पाठवावेत, असे संचालक मंडळाने ठरवले आहे. ग्रेपनेट या निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरील नोंदणी, रेसिड्यूची (औषधांच्या उर्वरित अंशांची) तपासणी, पॅकहाउस, प्रीकूलिंग ही कामे आमच्या माणसांच्या हातची आहेत. हिशेबाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि माझे प्रश्न त्याच बाजूचे आहेत.

प्रत्येक कंटेनरमध्ये साडेचार किलोच्या २,८०० पेट्या, म्हणजे १२,६०० किलो माल जाईल. आयातदाराने दोन पर्याय दिले आहेत. पहिल्यात किलोमागे १.४० युरोची किमान हमी आहे आणि प्रत्यक्ष विक्री त्याहून वर गेल्यास कमिशन व खर्च वजा करून वरची रक्कमही आम्हांला मिळेल. दुसऱ्यात हमी नाही, सगळा माल कन्साइनमेंटवर, म्हणजे विकला जाईल त्या दराने पैसे या अटीवर, जाईल, परंतु कमिशन कमी लागेल. सरासरी दोन युरोच्या आसपास दर निघेल असा त्यांचा अंदाज आहे, म्हणजे चार कंटेनरचे साधारण एक लाख युरो होतात. पैसे माल पोहोचल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी येतील.

आमच्या बँकेतून सल्ला मिळाला आहे की एक लाख युरोचा फॉरवर्ड (पुढे येणारे युरो विकण्याचा दर आजच ठरवणारा करार) आत्ताच बुक करून टाकावा, म्हणजे दराची चिंता राहणार नाही. हे योग्य आहे का? ईसीजीसी या निर्यात पतविमा कंपनीचा विमा घेतला की पैसे बुडण्याची भीती संपते का? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छाटणीपासून डिपिंगपर्यंतचा (घड संजीवकात बुडवण्यापर्यंतचा) खर्च करून बसलेल्या सभासदांना हंगामाच्या सुरुवातीला किलोमागे कोणता दर कबूल करता येईल?

विनिमय

गोदाकाठ, मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केली असून आता निवृत्त आहे. आपल्याला मिळालेला सल्ला मला धोक्याचा वाटतो आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो.

फॉरवर्ड हा दोन्ही बाजूंनी बांधणारा करार असतो. ठरलेल्या मुदतीत ठरलेले युरो बँकेला देण्याची जबाबदारी आपल्यावर येते, मग आयातदाराकडून तेवढे युरो आलेले असोत वा नसोत. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. समजा आज युरोचा दर १०० रुपये आहे आणि तीन महिन्यांनंतरचा फॉरवर्ड १०१ रुपयांना मिळतो. हा वरचा एक रुपया बँकेची मेहेरबानी नसते. रुपयावरील व्याज युरोवरील व्याजापेक्षा जास्त असते आणि त्या फरकामुळे पुढील तारखेचा युरो महाग दिसतो. निर्यातदाराला हा प्रीमियम मिळतो, आयातदाराला तो द्यावा लागतो.

आता आपण एक लाख युरो १०१ ने विकून ठेवले, आणि हंगाम बिघडल्यामुळे हातात सत्तर हजारच आले, असे धरा. त्याच काळात युरो १०६ वर गेला असेल, तर उरलेल्या तीस हजार युरोंचा करार रद्द करताना प्रत्येक युरोमागे पाच रुपये आपल्याला भरावे लागतील. म्हणजे दीड लाख रुपये, आपल्या ५०,४०० किलो मालावर किलोमागे जवळजवळ तीन रुपये. माल कमी दराने गेला हा पहिला फटका आणि न आलेल्या युरोंवर तोटा सोसला हा दुसरा. फॉरवर्ड घेतला नसता, तर हा दुसरा फटका बसलाच नसता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की चलनाचे संरक्षण किती रकमेचे घ्यायचे, हे विक्रीची अट ठरवते. कन्साइनमेंटवर किती युरो येणार हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तेथे मोठा फॉरवर्ड घेणे ही जवळजवळ सट्ट्याची बाब होते. किमान हमी असेल, तर ७०,५६० युरो हा पाया धरता येतो, तोही हमीची कलमे नीट वाचल्यानंतरच. त्यावरचे जे काही येईल, ते येईल त्या दिवशीच्या दराने विकावे. आधी करार पक्का करावा आणि त्यानंतर बँकेत जावे.

गणिती

विनिमय यांचा हिशेब पटला, पण मुळात फॉरवर्ड हवाच कशाला, हे मला कळत नाही. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या खाली होता, ऑगस्ट २०१३ मध्ये तो ६८ च्या वर गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३ पर्यंत पोहोचला. रुपयाची दिशा इतकी स्पष्ट असताना निर्यातदाराने आपला फायदा एका रुपयाच्या प्रीमियमवर सोडून द्यावा, हे शहाणपणाचे वाटत नाही. संरक्षणाची गरज आयातदाराला असते. निर्यातदाराने थांबावे आणि घसरत्या रुपयाचा लाभ घ्यावा.

विनिमय

गणिती, आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते डॉलरचे आहेत आणि गोदाकाठ यांना युरो मिळणार आहेत. युरो आणि रुपया यांचा दर मुख्यतः दोन दरांच्या गुणाकारातून निघतो : एक डॉलर-रुपया आणि दुसरा युरो-डॉलर. रिझर्व्ह बँक पहिल्यातील चढउतार काही प्रमाणात आवरते, दुसऱ्यावर तिचा काहीही ताबा नसतो. २०२२ हे वर्ष पाहा. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपात गॅस महागला आणि जुलैमध्ये युरो वीस वर्षांत प्रथमच डॉलरच्या बरोबरीला आला. वर्तमानपत्रांत रुपया घसरल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या, आणि त्याच काळात युरो मात्र जानेवारीतील सुमारे ८४ रुपयांवरून सप्टेंबरपर्यंत ८० च्या आसपास उतरला होता. डॉलरची बातमी वाचून युरो धरून बसलेल्याला त्या वर्षी तोटाच झाला.

पौंडाची गोष्ट याहून कठोर आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. मतमोजणीच्या एका रात्रीत पौंड दीड डॉलरवरून १.३२ च्या जवळ घसरला. रुपयांत सांगायचे, तर शंभराच्या आसपास असलेला पौंड त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ८२ च्या घरात आला. ज्याचे पैसे ब्रिटनमधून यायचे होते, त्याचा एका हंगामाचा नफा तेवढ्यात संपला.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे घडली आहे आणि ती विसरता कामा नये. २००७ मध्ये रुपया वधारत गेला. वर्षाच्या सुरुवातीला ४४ च्या पुढे असलेला डॉलर वर्षअखेरीस ३९ च्या घरात आला. निर्यातदार घाबरले. त्या घबराटीत तिरुपूरसारख्या ठिकाणच्या होजिअरी निर्यातदारांनी बँकांकडून गुंतागुंतीचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी दरावरून देणे-घेणे ठरणारे, करार घेतले. त्यांतील कित्येक स्विस फ्रँक आणि येन यांच्या दरांशी जोडलेले होते, आणि ज्याची विक्री डॉलरमध्ये होती अशा माणसाचा फ्रँकशी काही संबंध नव्हता. सुरुवातीला थोडा फायदा आणि पुढे अमर्याद तोट्याची शक्यता, अशी त्यांची रचना होती. २००८ मध्ये बाजार उलटले आणि कारखाने कर्जात गेले. प्रकरणे न्यायालयांत पोहोचली, आणि डेरिव्हेटिव्हसंबंधीच्या नियमभंगाबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०११ मध्ये १९ बँकांना दंड केला. त्या दंडाने कोणाचा बुडालेला कारखाना परत आला नाही.

दराचा अंदाज बरोबर निघेल या भरवशावर थांबणे आणि त्याच भरवशावर मोठा करार घेणे, या दोन्हींत एकच दोष आहे. शेतकरी कंपनीचे काम दराचा अंदाज करणे नाही. सभासदाला दिलेला शब्द दराच्या हेलकाव्यात मोडू नये, एवढ्यापुरतेच संरक्षण तिला हवे असते.

मासकाठ

मी रॉटरडॅमजवळ राहतो आणि फळांच्या आयातीत काम करतो. विनिमय यांनी अटींवर जो भर दिला आहे, त्याला येथील अनुभवाची जोड देतो.

किमान हमी हा शब्द ऐकायला भक्कम वाटतो, परंतु जवळजवळ प्रत्येक करारात त्यापुढे माल चांगल्या स्थितीत पोहोचल्यास अशी पुस्ती असते. कंटेनर उघडल्यावर आयातदाराचा क्वालिटी कंट्रोलर काही पेट्या काढतो, देठ तपकिरी झाले आहेत का, मणी गळतात का, बुरशी किती टक्के आहे, साखर किती आहे हे पाहतो आणि अहवाल लिहितो. अहवालात माल कमी दर्जाचा ठरला की हमी बाजूला पडते आणि सगळा कंटेनर आपोआप कन्साइनमेंटवर जातो. प्रामाणिक आयातदार पुष्कळ आहेत. परंतु बाजार पडलेला असताना अहवाल कडक होतात, ही गोष्ट या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून गोदाकाठ यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. तक्रार असल्यास ती कंटेनर पोहोचल्यापासून चोवीस किंवा फार तर अठ्ठेचाळीस तासांत छायाचित्रांसह कळवली पाहिजे. तक्रार मान्य नसल्यास दोघांना मान्य असलेल्या स्वतंत्र सर्व्हेअरची पाहणी झाली पाहिजे आणि ती होईपर्यंत माल विकू नये किंवा फोडून पुन्हा पॅक करू नये. तिसरे म्हणजे, कंटेनरमधील तापमानाची नोंद करणाऱ्या लॉगरची फाइल दोन्ही पक्षांना मिळाली पाहिजे. माल निघताना चांगला होता आणि वाटेत थंडावा तुटला, हे सिद्ध करण्याचे तेच साधन आहे.

उशिराचा धोकाही पैशाचाच धोका आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावा शेवाहून निघालेली बहुतेक जहाजे सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून येऊ लागली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले आणि द्राक्षाच्या आयुष्यातील तेवढे दिवस समुद्रावर गेले. उशिरा येणारा भारतीय माल चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या मालाशी भिडतो, मे महिन्यात इजिप्तचा माल सुरू होतो आणि दर तुटतो. सागरी विम्याचे सर्वांत व्यापक समजले जाणारे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए घेतले, तरी निव्वळ विलंबामुळे झालेले नुकसान त्यात धरले जात नाही. पुष्कळांना हे नुकसान झाल्यावर कळते.

तरीही विमा न घेणे हा पर्याय नाही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, त्यानंतर जहाजाच्या मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले. याचा अर्थ असा की जहाज सोडवण्याच्या खर्चात त्यावरील प्रत्येक मालाच्या मालकाने आपल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटा उचलायचा. ज्यांचा विमा होता, त्यांच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. ज्यांचा नव्हता, त्यांना माल सोडवून घेण्यासाठी स्वतःची रोख अनामत ठेवणे भाग होते.

आयातदाराची पत तपासणेही अवघड नाही. नेदरलँड्समधील कंपन्यांना आपला वार्षिक ताळेबंद कामर फान कोपहांडेल या व्यापार नोंदणी संस्थेकडे दाखल करावा लागतो आणि थोडे शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. ब्रिटनमधील कंपन्यांची कागदपत्रे कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. भागभांडवल किती आहे, देणी किती आहेत, संचालक मंडळ वारंवार बदलते आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते. एलसीचा, म्हणजे आयातदाराच्या बँकेने पैशाची लेखी हमी देण्याचा, आग्रह मात्र धरू नका. ताज्या फळांत आयातदार माल पाहिल्याशिवाय बँकेला बांधून घेत नाही आणि त्यावर हटून बसलात, तर चांगला आयातदार दुसरीकडे वळेल.

ओझरकर

ताई, ईसीजीसीबद्दल मी सांगतो, कारण या विषयावर आमच्या भागात सर्वाधिक गैरसमज आहेत.

ही केंद्र सरकारची कंपनी १९५७ पासून काम करते आहे आणि लहान निर्यातदाराने तिचे संरक्षण घ्यावेच, असे माझे ठाम मत आहे. खरेदीदार दिवाळखोरीत निघाला, किंवा माल स्वीकारूनही देय तारखेनंतर ठरावीक मुदत उलटली तरी पैसे दिले नाहीत, तर ती नुकसानीचा मोठा भाग, सामान्यतः नव्वद टक्क्यांपर्यंत, भरून देते. खरेदीदाराच्या देशात युद्ध झाले किंवा परकीय चलन बाहेर जाणेच थांबले, तर तेही त्यात येते. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा तेथील कित्येक आयातदारांकडे स्वतःच्या रुपयांत पैसे होते, पण बँकेकडे डॉलर नव्हते. खरेदीदार कितीही सज्जन असला तरी अशा वेळी त्याचा उपयोग होत नाही.

आता जे त्यात येत नाही ते पाहा. चलनाच्या दरातील फरक येत नाही. मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेले नुकसान येत नाही. आणि दर्जाबद्दलचा वाद येत नाही. खरेदीदाराने दर्जाचे कारण दाखवून पैसे कापले, तर निर्यातदाराने त्या देशातील न्यायालयातून आपल्या बाजूने निर्णय आणल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. एका कंटेनरसाठी रॉटरडॅमच्या न्यायालयात कोण जाणार? द्राक्षांच्या धंद्यात पैसे कापले जाण्याचे नेहमीचे कारण दर्जा हेच असते. त्यामुळे मासकाठ यांनी सांगितलेले स्वतंत्र सर्व्हेअरचे कलम ईसीजीसीच्या पॉलिसीइतकेच, किंबहुना काकणभर जास्त महत्त्वाचे आहे.

पॉलिसी घेतली म्हणून काम संपत नाही. प्रत्येक खरेदीदारासाठी माल रवाना करण्यापूर्वी क्रेडिट लिमिट (उधारीची कमाल मर्यादा) मंजूर करून घ्यावी लागते, रवाना झालेल्या मालाची घोषणा वेळेवर करावी लागते आणि पैसे थकले तर तेही ठरलेल्या मुदतीत कळवावे लागते. यांतील एखादा कागद राहिला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. हे काम एका माणसाच्या अंगावर नाव घालून सोपवा.

दर्जाच्या वादाचे सर्वांत मोठे उदाहरण २०१० चे आहे. त्या वर्षी युरोपातील प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. आपल्याकडील तपासणीच्या यादीत तो घटक नव्हता, म्हणून माल येथून प्रमाणपत्रासह निघाला होता. कंटेनर बंदरात अडकले, कित्येकांचे पैसे बुडाले आणि निर्यातदारांबरोबर शेतकरीही कर्जबाजारी झाले. त्यानंतर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील तपासणीची यादी वाढवण्यात आली. त्या वर्षी ज्याने सगळा माल एकाच देशात आणि एकाच खरेदीदाराला दिला होता, त्याला सावरायला जागाच उरली नाही. चारही कंटेनर एकाच आठवड्यात, एकाच जहाजावर चढवू नका, एवढे तरी आपल्या हातात आहे.

लासलगावकर

मी कांद्याच्या व्यापारात आहे. विनिमय यांनी न आलेल्या युरोंवरील तोट्याचे जे गणित मांडले, ते आमच्याकडे डॉलरमध्ये पाहायला मिळाले, आणि त्यात खरेदीदाराचा काही दोष नव्हता. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. मे २०२४ च्या सुरुवातीला ती उठली, पण टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्णपणे जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडले. बंदीच्या दिवशी ज्यांच्या हातात ऑर्डर होत्या आणि त्या ऑर्डरवर फॉरवर्ड बुक केलेले होते, त्यांचा माल गोदामात राहिला आणि बँकेचा करार मात्र उभा राहिला. द्राक्षांवर अशी बंदी आलेली नाही. तरीही ज्या मालाच्या भावावर सरकारची नजर असते, त्याच्या निर्यातदाराने लांब मुदतीचा फॉरवर्ड घेताना आपल्याच देशाच्या धोरणाचा धोका मोजला पाहिजे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेली कलमे मी आयातदाराला लिहून पाठवली. त्यांचे उत्तर आले आहे. तक्रारीसाठी अठ्ठेचाळीस तासांची मुदत आणि लॉगरची फाइल त्यांनी मान्य केली. स्वतंत्र सर्व्हेअरचे कलम हवे असल्यास मात्र हमी १.४० ऐवजी १.३० युरो राहील, असे ते म्हणतात. संचालक मंडळातील काहींना हा दहा सेंटचा फरक खटकतो, कारण ५०,४०० किलोंवर तो ५,०४० युरो, म्हणजे पाच लाख रुपये होतो.

विनिमय काका, आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बँकेने आता फॉरवर्डऐवजी ऑप्शन सुचवला आहे, तो घ्यावा का? आणि पॅकिंगच्या काळात लागणारे खेळते भांडवल रुपयांत उचलावे की युरोत?

विनिमय

गोदाकाठ, मी १.३० आणि सर्व्हेअर हा पर्याय घेईन. पाच लाखांचा आकडा संचालकांना मोठा दिसतो, पण ती रक्कम बाजार हमीच्या खाली गेला तरच जाते. माल खरोखर दोन युरोंनी विकला गेला, तर हमी १.४० असो वा १.३०, आपल्याला विक्रीचाच हिशेब मिळणार आहे. बाजार पडला, तर सर्व्हेअर नसलेली १.४० ची हमी आयातदाराच्या अहवालावर टांगलेली असेल, आणि त्या अहवालात सव्वासात टक्क्यांची कपात झाली तरी आपण १.३० च्या खाली जातो. कपात याहून मोठी होण्यास एका तपकिरी देठाच्या छायाचित्राचे निमित्त पुरते.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या दराने युरो विकण्याचा हक्क, सक्ती नव्हे. त्यात दर खाली गेला तर संरक्षण मिळते आणि वर गेला तर लाभ आपलाच राहतो, त्यासाठी शुल्क मात्र आधी भरावे लागते. किती युरो येणार हे अनिश्चित असताना तो फॉरवर्डपेक्षा योग्य ठरतो, कारण युरो आले नाहीत तर भरलेल्या शुल्कापलीकडे काही जात नाही. आपल्या रकमेला ते शुल्क परवडते का, हे बँकेकडून लेखी दर घेऊन पाहावे. एक अट कटाक्षाने पाळा : ऑप्शन फक्त विकत घ्यायचा. शुल्क शून्य आहे असे सांगून कोणी जोडऑप्शन पुढे केला, तर त्यात आपण दुसरा ऑप्शन बँकेला विकत असता, आणि तिरुपूरच्या करारांची सुरुवात अशाच बिनखर्चाच्या वाटणाऱ्या योजनांनी झाली होती.

खेळते भांडवल युरोत उचलता आले, तर ते अंगचेच संरक्षण असते. कर्जाचे युरो आजच्या दराने रुपयांत बदलून मिळतात आणि आयातदाराकडून आलेल्या युरोंतून कर्ज फिटते, त्यामुळे तेवढ्या रकमेचा फॉरवर्ड वेगळा घ्यावा लागत नाही. व्याजही बहुधा कमी बसते. मर्यादा येथेही तीच आहे : हमीपेक्षा जास्त युरो उचलले, तर उरलेले बाजारातून विकत घेऊन फेडावे लागतील. ग्रेपगार्ड (द्राक्षे टिकण्यासाठी पेटीत घालायचे कागद) किंवा अन्य साहित्य परदेशातून मागवत असाल, तर येणाऱ्या पैशांतील काही भाग ईईएफसी या निर्यातदारांसाठीच्या परकीय चलन खात्यात तसाच ठेवून त्यातून ते बिल द्यावे, म्हणजे दोनदा चलन बदलण्याचा खर्च वाचतो. या खात्यातील शिल्लक पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावी लागते, हे लक्षात असू द्या.

बँकेच्या दराबद्दल भीड ठेवू नका. एक लाख युरोंवर पन्नास पैशांचा फरक म्हणजे पन्नास हजार रुपये होतात. डॉलरच्या व्यवहारांसाठी ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल हा ऑनलाइन मंच आहे, त्यावर लहान ग्राहकालाही बाजारातील दर दिसतो. युरोसाठी त्याच वेळचा डॉलर-रुपया आणि युरो-डॉलर दर पाहून गुणाकार करावा, आणि बँकेने सांगितलेला दर त्यापासून किती दूर आहे ते विचारावे. खाते कोठे ठेवायचे याचा निर्णय त्या उत्तरावरून घेता येईल. फॉरवर्ड घेताना एकाच तारखेचा न घेता महिन्याभराच्या खिडकीत कोणत्याही दिवशी युरो देता येतील असा घ्या, कारण द्राक्षाचे पैसे ठरलेल्या तारखेला क्वचितच येतात.

आता सभासदांचा दर. १.३० युरो गुणिले १०१ म्हणजे किलोमागे १३१ रुपये होतात. त्यातून पॅकिंग, जहाजाचे भाडे, विमा, तपासणी, व्याज असा सगळा खर्च समजा साठ रुपये धरला, तर ७१ रुपये उरतात. दर्जाच्या खऱ्या कपातीसाठी त्यातील दहा रुपये राखून ठेवले, तर ६१ रुपये हा पहिला हप्ता माल उचलताना कबूल करता येईल. दुसरा हप्ता आयातदाराचा अंतिम हिशेब आल्यावर, कंटेनरनिहाय. खर्चाचे आकडे आपण स्वतःचे घालावेत, पद्धत हीच ठेवावी. पहिला हप्ता बागेतील व्यापाऱ्याच्या दरापेक्षा कमी दिसेल आणि सभेत त्यावरून आवाज चढतील. म्हणून दोन्ही हप्त्यांचा हिशेब सभेपुढे आधीच मांडा आणि ठराव लिहून घ्या.

हमीची एकूण रक्कम आता ६५,५२० युरो होते. करारावर सही झाल्यानंतर, युरोतील कर्ज आणि फॉरवर्ड मिळून साठ हजारांच्या पुढे जाऊ नका.

ओझरकर

ताई, विनिमय साहेबांच्या हिशेबात एकच भर घालतो. पहिल्या कंटेनरचा क्वालिटी रिपोर्ट हातात आल्याशिवाय शेवटचा कंटेनर भरू नका, आणि करारात तशी मुभा आताच लिहून घ्या. पहिल्याच कंटेनरवर विनाकारण वाद झाला, तर राहिलेला माल दुबईकडे किंवा स्थानिक बाजारात वळवता आला पाहिजे. आणि त्यासाठी त्या शेवटच्या कंटेनरचे युरो फॉरवर्डमध्ये अडकलेले नसले पाहिजेत.

विनिमय

ओझरकर यांची सूचना योग्य आहे आणि त्यामुळे माझा आकडा बदलतो. शेवटचा कंटेनर मोकळा ठेवायचा असेल, तर हमीची पक्की रक्कम तीन कंटेनरची, म्हणजे ४९,१४० युरो धरावी. गोदाकाठ, तसे असेल तर साठऐवजी पंचेचाळीस हजारांवर थांबा. चौथ्या कंटेनरचा फॉरवर्ड तो भरल्याच्या दिवशी घेता येईल.